हळू हाताची तालीम

"अठरा," नवरा घड्याळ बघून म्हणाला. "मगाशी वीस होते. तू तर आणखी सुसाट सुटलीस."

तुफानने चादर विस्कटून पुन्हा पलंगावर टाकली. लाँड्रीत तिला सगळे तुफान म्हणत, आणि ते काही उगीच नाही. दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालण्यात तिचा हात धरणारं त्या टेबलावर कोणी नव्हतं. बाकीच्या बायकांना एका घडीला अर्धं मिनिट लागे, हिला अठरा सेकंद. याचा तिला एवढा अभिमान, की घरी पाहुणे आले की उगाच चार टॉवेल काढून बसायची.

आता हाच अभिमान अंगाशी आला होता. एक तारखेपासून किमान वेतन वाढणार होतं, आणि मालक तयारीला लागला होता. वाढीव पगार द्यायचाच तर निदान माणसं तरी कमी करू, असा त्याचा हिशोब. शुक्रवारी एक घड्याळवाला माणूस येऊन प्रत्येकीचा वेळ मोजणार होता. सगळ्यात चपळ बाईच्या दुपटीहून जास्त वेळ जिला लागेल, तिला नारळ.

अठराची दुप्पट छत्तीस. त्याच टेबलावर काम करणाऱ्या तुफानच्या नणंदेला चाळीस सेकंद लागत. गेल्या वर्षी तिचा खांदा धरला तो धरलाच. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, शेजारच्या खोलीत एकटी राहायची आणि भावाचाही पैसा घ्यायची नाही. टेबलावरच्या बायकांनी तुफानला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, तू हळू कर, म्हणजे सगळ्या वाचतील. नणंदेला मात्र यातलं अक्षर सांगायचं नाही. कळलं असतं तर तिने रागाने स्वतःच राजीनामा दिला असता.

म्हणून ही तालीम. नवऱ्याने सुचवलं, मनात आकडे मोज. ती आकडेही भरभर मोजायची. मग तो म्हणाला, मध्येच जांभई दे.

"येत नाही," ती म्हणाली.

"माझ्याकडे बघत राहा. येईल."

तीन दिवसांनी कशीबशी पंचविसावर आली.

शुक्रवारी मालकाने घड्याळवाल्याला कौतुकाने तिच्यासमोर आणलं. तुफानने टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. भीतीने एकदा चादर हातून खालीच पडली. एकोणचाळीस सेकंद. मालकाने विचारलं, बरं नाही का? तिने पुढची चादर ओढली. घड्याळवाल्याने तिच्या नावापुढे 'साधारण' असं लिहिलं. तिला रडूच आलं. आता रोज असंच काम करावं लागणार, हेही तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

नणंदेने मात्र जिवाच्या आकांताने चौतीस सेकंदांत घडी घातली. सगळ्यात चपळ ठरलेल्या बाईला अठ्ठावीस लागले होते. टेबलावरच्या सातही जणी राहिल्या, वाढीव पगारासकट. मालकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

संध्याकाळी नणंद चहाला आली ती फुशारक्या मारतच. अठरा वर्षांत पहिल्यांदा हिच्या पुढे गेले, तेही दुखऱ्या खांद्याने, हे तिने भावाला तीनदा सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हिच्याकडे जरा लक्ष दे रे. हात मंदावला हिचा. उद्या मालक हिलाच काढायचा."

नवऱ्याने तोंड उघडलं. तुफानने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूट चहा पिऊ लागला.

"हो, वन्सं," ती म्हणाली. "वय झालं आता."

नणंदेला तिची खरंच दया आली. तिने कप खाली ठेवला, पलंगावरची चादर ओढली आणि दुखरा हात जपत म्हणाली, "हे बघ, टोक असं धरायचं. घाई करायची नाही. जमेल तुला."

तुफान तिच्या शेजारी उभी राहिली आणि लक्ष देऊन बघू लागली.