नारळाखालची चौथी ओळ

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. सोलापूरचा, म्हणजे जातिवंत. पण मला विणलं ते एक चिनी कविता पाठ करण्यासाठी. बाकीचे टॉवेल हे ऐकून हसतात. मी त्यांना दोष देत नाही.

साल १९७८. शाळेत चीनचे एक पाहुणे येणार होते. रामहरी मास्तरांनी कुठूनशी त्यांच्याकडची एक जुनी कविता मिळवली. चार ओळी, ओळीत पाच अक्षरं. ती म्हणायची होती सातवीतल्या दाक्षायणीनं. पोरीनं एका दिवसात पाठ केली, पाढ्यांच्या चालीवर.

ऐकायला तिच्या घरी आलेल्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अगं, चिनीत प्रत्येक अक्षराचा सूर ठरलेला असतो. 'मा' म्हणजे आई, पण सूर चुकला की त्याच 'मा'चा घोडा होतो!"

तिचे वडील सिद्रामप्पा दारातच बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, सातवी झाली, बास. पोरगी आता मागावर बसंल. पाहुण्यापुढं न चुकता म्हणली तर आठवी. माझा शब्द हाय."

एकीकडे चीन, दुसरीकडे वडील, मधे पोरगी. पळायला वाट नव्हती.

तेव्हा आई कमलम्मा मागावरून म्हणाली, "सूर किती हायत, मास्तर?"

"चार. सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि उतरता."

"मग चार रंग लावू की. आमी नक्षी अशीच ध्यानात ठेवतो."

असा माझा जन्म झाला. मागावर मला इतकं ताणून बांधलं होतं, की हलायची सोय नव्हती. सपाट सुराला पांढरा, चढत्याला पिवळा, खाली-वर जाणाऱ्याला हिरवा, उतरत्याला लाल. वीस अक्षरांच्या वीस पट्ट्या.

दाक्षायणी पट्टीवर बोट ठेवून अक्षर म्हणे. ओळ पाठ झाली की तेवढी घडी घाली. तीन ओळी घडीत गेल्या. चौथी मात्र समोर दिसल्याशिवाय तोंडात येईना.

समारंभाच्या दिवशी तिनं मला टेबलावर ठेवलं, चौथी ओळ वर करून. शेजारी सत्काराचं ताट होतं. पाहुण्याला टॉवेल, टोपी, नारळ द्यायचा ही आमच्याकडची रीत. शिपाई महिपतीनं नवाकोरा टॉवेल पाहिला आणि ताटात ठेवला. हेडमास्तरांनी मला पाहुण्यांच्या हातात दिलं. पाहुण्यांनी मला मांडीवर घेतलं, वर नारळ ठेवला आणि नारळावर दोन्ही हात.

दाक्षायणीनं तीन ओळी बिनचूक म्हटल्या. मग माझ्याकडे बघितलं. चौथ्या ओळीतली फक्त पहिली लाल पट्टी दिसत होती. उरलेल्या चार नारळाखाली.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण नारळाखालून कोण ओरडणार?

हेडमास्तर कुजबुजले, "म्हण की गं!"

"सर, नारळ..."

"नारळ मागाहून! आधी कविता!"

शेवटच्या रांगेत सिद्रामप्पा उठून उभे राहिले. दाक्षायणीनं त्यांना पाहिलं आणि डोळे मिटले. तिचं बोट हवेतच एक-एक पट्टी पुढे सरकू लागलं. लाल. पांढरा. पिवळा. हिरवा. शेवटी पुन्हा लाल. पाचही अक्षरं आपापल्या सुरात बाहेर पडली.

पाहुणे दुभाष्याकडून म्हणाले, "एकही सूर चुकला नाही."

सिद्रामप्पा बायकोला म्हणाले, "कमळे, 'सातवी बास' हा माझा शब्द गेला की गं."

"शब्द कुटं जातोय? पोरगी गेली, आठवीला."

निघताना पाहुण्यांनी मला दोन्ही हातांनी शाळेला परत दिलं, आठवण म्हणून. हेडमास्तरांनी आठवण लगेच काचेच्या कपाटात घातली, 'हात लावू नये' अशी पाटी लावली आणि कुलूप ठोकलं. आता दर वर्षी पाठांतर स्पर्धेआधी मुलांना माझ्यापुढे उभं करतात. बिचारी मराठी कविता घेऊन येतात आणि माझ्या पट्ट्यांकडे टक लावून बघत राहतात. पाठ काहीच होत नाही.

मित्रांनो, माझ्याकडे बघून कुणाला काही येणार नाही. ज्याला पाठ करायचं त्यानं आपला टॉवेल आपण विणावा. आणि पाठ झालं की त्या टॉवेलाला सोडून द्यावं. दाक्षायणी मला केव्हाच विसरली, कविता नाही. याचा मला अभिमान आहे.

एवढी मात्र विनंती. किल्ली हेडमास्तरांच्या कोटाच्या उजव्या खिशात असते. दुपारी ते कोट खुंटीला लावतात.