तांबड्या भोपळ्याचं आळं

माघाची सकाळ. कोवळी, केशरकांती, दंवाने न्हालेली सकाळ! वाशिष्ठीच्या पाण्यावरून धुक्याचा झिरझिरीत पदर सरकत होता, आणि काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलांच्या ज्वाला एकेक करून पेटत होत्या.

परसात माती तयार होती. तांबूस, भुसभुशीत, राखेने आणि शेणखताने तृप्त झालेली, बीजोत्सुक माती.

आणि पडवीत, सुपासमोर मांडी घालून, केतकी. पंधरा वर्षांची, दोन वेण्यांची, गणवेशातली केतकी! यंदा परसातल्या वेलांच्या बिया तिने निवडायच्या होत्या. आईच म्हणाली होती, "आता तू निवड, बाई. मला मेलीला दरवर्षी तेच तेच सुचतं."

सुपात केवढं ऐश्वर्य! दुधीच्या बिया फिकट, चपट्या, हस्तिदंती. दोडक्याच्या काळ्याभोर. पडवळाच्या कंगोरेदार, जणू कुणी कडेकडेने कातरलेल्या. केतकीने त्यांच्यातून बोटं फिरवली मात्र, अख्खा उन्हाळा तिच्या तळव्यात खुळखुळला! सांजेला उमलणारी दोडक्याची पिवळी फुलं दिसली, दुधीची चंद्रधवल फुलं दिसली, मांडवातून लोंबणारी, वाऱ्यावर डुलणारी, हिरवी-पांढरी पडवळं दिसली.

"दुधी हवाच! दोडका हवाच! आणि पडवळ तर हवंच हवं!"

"अगं, मांडव आपला एवढासा," आई हसली.

पण ही सारी कोवळिकीची प्रजा. आज तोडा, आज रांधा. चार दिवस विसरलात की जून. सुपात एक रंग नव्हता. सूर्यास्ताचा रंग. जाड सालीचा, धीरगंभीर, पावसाळाभर माळ्यावर मुकाट बसून राहणारा तांबडा भोपळा त्या सुपात नव्हता.

तीन वर्षं नव्हता. अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव पुरुषानेच घालायचा, ही वाडीची रीत. बाबा वारले त्या वर्षी आई भोपळा कापून घ्यायला शेजारच्या दिनूकाकांना बोलवायला गेली. एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा ते आले, कोयता चालवला आणि जाता जाता म्हणाले, "घरात पुरुष नाही तर भोपळे कशाला लावता, वहिनी? दोडके लावा, दोडके!"

त्या दिवशी आईने घारगे केले. स्वतः खाल्ले मात्र नाहीत.

केतकीने कंपासपेटी उघडली. कर्कटकाखालून एक पुडी काढली. पाच बिया, टपोऱ्या, शुभ्र, सुपाच्या मधोमध ठेवल्या. 

आईचा हात थबकला. "ह्या गं कुठल्या?"

"माझ्या वर्गातल्या शबानाकडच्या. त्यांच्याकडे तिची अम्मीच भोपळा कापते. छप्पर नाही कोसळलं अजून."

"आणि आपल्याकडे कोण कापणार?"

"मी."

एवढंसं अक्षर, पण ते पडवीभर घुमलं, वाशांना भिडलं, उन्हासारखं अंगणात सांडलं. "मी कापणार, आई! कोयता मी धरणार. आणि दिनूकाकांना घारगे पाठवू की, गरम गरम. त्यांचा काय दोष, दातांना मऊच लागतं त्यांच्या!"

आई बियांकडे पाहत राहिली. नदीवरून एक बगळा उडाला, शुभ्र, संथ, आणि धुकं त्याच्यामागे दुभंगत गेलं. मग आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, थरथरलं, आणि खळकन फुटलं. किती दिवसांनी हसली ती अशी, पोट धरून, डोळे पुसत!

"मांडवावर नाही हो चढवायचा तो," ती उठत म्हणाली. "त्याला पसरायला जागा लागते. मोकळी. ऐसपैस."

तिने पदर खोचला, कुदळ उचलली, आणि निघाली थेट कुंपणापाशी, दिनूकाकांच्या अंगणातून पान न् पान दिसेल अशा उन्हाच्या तुकड्यात. कुदळ उठली, कुदळ पडली. माती उसळली, गंधली, तांबूस तांबूस उडाली. आळं रुंद झालं, आणखी रुंद झालं. आणि आई, घामाने झळाळत, उन्हाने माखत, खणतच होती, खणतच होती.