राळेनं तोंड बांधलेला शंकू

मित्रांनो, मी एक जुना शंकू आहे. पाइनच्या झाडाला लागतो ना, लाकडी खवल्यांचा, तो. एकदा एका खारीनं मला फोडायचा प्रयत्न केला. तिचे सगळे दात पडले. अजून ती पेज पिऊन दिवस काढते. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

माझा जन्म न्यू जर्सीच्या रेताड जंगलात, एका वाकड्यातिकड्या पिच पाइनच्या फांदीवर झाला. आमच्या घराण्याची रीत मोठी विचित्र. बिया पोटात ठेवायच्या आणि राळेनं तोंड घट्ट बंद करून बसायचं. जंगलाला आग लागली की राळ वितळते, तोंड उघडतं आणि बिया मोकळ्या, उन्हातल्या जमिनीवर पडतात. माझ्यासारख्या बडबड्यावर ही वेळ यावी!

पण आग काही येईना. आली तरी माणसं ती लगेच विझवत. शिवाय माझ्या जन्माआधीच लाकडासाठी दक्षिणेकडचे उंच पाइन इथे रांगांत लावले होते. इतके दाट, की भर दुपारी घुबडं रात्र झाली समजून शिकारीला निघत. खाली आमचं एकही रोप जगेना. त्या झाडांवर माझा राग नाही हं. त्यांना तरी कुणी विचारून थोडंच आणलं होतं?

मग एका हिवाळ्यात यंत्रं आली. इथलं मूळचं जंगल परत आणायच्या कामावर दीक्षा नावाची मुलगी होती. तिचे वडील रामभाऊ पिस्कॅटवे गावाहून ते काम बघायला आले. लावलेली झाडं धडाधड आडवी होताना पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, एवढी सरळसोट झाडं कापायची आणि हे वाकडं म्हातारं ठेवायचं? बाहेरून आली म्हणून? मग उद्या आपला नंबर!"

"बाबा, प्लीज! बाहेरून आली हा इश्यूच नाहीये. कडेची काही ठेवतोय आम्ही. पण इतकी दाट लावलीत, की खालच्यांना सनलाइटच मिळत नाही. हाउ विल दे ग्रो?"

रामभाऊंनी मान वर करून त्या दाट सावलीकडे पाहिलं. वाट्याचं ऊन न मिळणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात एक ओंडका आमच्या फांदीला घासला आणि मी खाली पडलो. रामभाऊंनी मला उचलून खिशात टाकलं. घरी टीव्हीशेजारच्या फळीवर माझी स्थापना झाली. "काका, किती क्यूट!" म्हणून पाहुणे कौतुक करत. हळूहळू कौतुक आटलं आणि अंगावर धूळ साचली. मला मात्र पोटातल्या बियांचा घोर लागला होता. फळीवर कुठलं झाड उगवणार?

वसंतात दीक्षा घरी आली ती चिडलेलीच. जंगलात मुद्दाम, आटोक्यात लावायची आग जोराच्या वाऱ्यामुळे कॅन्सल झाली होती. तिची नजर माझ्यावर गेली.

"बाबा, हा तिथून उचललात? यात सीड्स आहेत! आगीशिवाय ओपन होत नाही तो."

"आग ना? एवढंच?"

रामभाऊंनी मला चिमट्यात पकडून थेट गॅसवर धरलं, भरताचं वांगं भाजतात तसं!

"बाबा, स्टॉप! सीड्स जळतील!"

"तुझ्या जन्माआधीपासून भरीत करतोय मी."

"हे भरीत नाहीये!"

राळ चरचरली, धूर कोंडला, छतावरचा अलार्म बोंबलू लागला. माझी एक बाजू काळी पडली. दीक्षानं चिमटा हिसकावून मला स्टीलच्या ताटात टाकलं. बापलेक श्वास रोखून माझ्यावर वाकली. आधी काहीच नाही. रामभाऊंचं तोंड एवढंसं झालं. मग टक्. टक्, टक्. खवले उघडले आणि नाजूक पंखांच्या बिया ताटात सांडल्या. काही करपल्या होत्या, बाकीच्या धडधाकट.

त्या दोघांनी जाऊन जंगलातल्या मोकळ्या झालेल्या जमिनीवरचा पालापाचोळा हातांनी सारला आणि बिया वाळूत पेरल्या.

उन्हाळ्यात रामभाऊ मला खिशात घालून पुन्हा तिथे गेले. वाळूतून एक रोप वर आलं होतं, सुईएवढं. ते बघायला रामभाऊ खाली वाकले आणि चटकन बाजूला सरकले. त्यांची सावली त्याच्यावर पडत होती.

मित्रांनो, रोपाजवळ जाल तेव्हा तुम्हीही एवढं सांभाळा. बाकीचं ते आपलं आपण बघून घेतं.