कारण क्रमांक सात

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. जुनं म्हणजे चावीचं, गोल तबकडीचं, डोक्यावर एकच कळ असलेलं. मित्रांनो, माझी नातवंडं आता तुमच्या फोनमध्ये राहतात. त्यांना चावी द्यावी लागत नाही, त्यांच्यात धूळ जात नाही आणि ती थकत नाहीत. मी थकलोय. चाकांचे दात झिजले हे त्याचं एक कारण, पण खरं कारण माझं काम. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचा उशीर मोजला. बस चालवणारा निदान कुठंतरी पोचतो. मी शून्यापासून निघायचो, तासभर धापा टाकायचो आणि कळ दाबली की पुन्हा शून्यावर येऊन उभा राहायचो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या भिंतींच्या कारखान्यात झाला. तिथं एक बाई आम्हाला एकेक करून कानाशी धरायची आणि नुसत्या आवाजावरून आमची तब्येत सांगायची. माझ्याबरोबरची बरीच भावंडं शर्यतीच्या मैदानांवर गेली. त्यांच्या नशिबी टाळ्या आल्या. मी गेलो शहराच्या बस वाहतुकीच्या कचेरीत, पाहणी विभागात. तिथं माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगानं एक नंबर रंगवला गेला आणि मला एका माणसाच्या गळ्यात अडकवण्यात आलं.

त्या माणसाला सगळे मिनिटराव म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. ते उंच होते आणि गुडघ्यांनी कुरकुरणारे होते. स्वतः मात्र कधी कुरकुरले नाहीत. त्यांचं काम असं : थांब्यावर उभं राहायचं, बसचं चाक थांबलं की मला दाबायचं, चाक फिरलं की पुन्हा दाबायचं आणि आकडा तक्त्यात लिहायचा. किती माणसं चढली, किती उतरली, चढताना कुणाचं गाठोडं दारात अडकलं, सगळं मोजायचं. ऊन असो, थंडी असो, मिनिटराव आपले नाकासमोर बघून उभे. "माणूस खोटं बोलतो, घड्याळ बोलत नाही," असं ते मला हातात धरून नव्या लोकांना सांगायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं. आपली स्तुती कुणाला आवडत नाही?

आणि आमच्या कामाचा उपयोगही होता, बरं का. बाजारापाशी बसला दोन दारं असूनही लोक एकाच दारानं चढतात, हे आम्ही मोजून दाखवलं. त्यानंतर तिथली रांग निम्म्यावर आली. मोठ्या साहेबांनी मला तळहातावर घेऊन फोटो काढला. फोटोत माझ्यापेक्षा त्यांची अंगठीच जास्त चमकली, पण ते असो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. मला ते सांगायचा कंटाळा नाही, त्रास होतो.

एकतीस नंबरची बस शहराच्या टोकाला, पोत्यांच्या गिरणीपाशी जाऊन वळायची. तो तिचा शेवटचा थांबा. तिथं दुपारी एकच्या फेरीला चार मिनिटं थांबायची परवानगी होती, पण ती दहा-अकरा मिनिटं थांबते अशी तक्रार आली. तक्रार खोटी नव्हती. त्याच बसनं दवाखान्यातल्या परिचारिका दुपारच्या पाळीला जायच्या आणि रोज उशीर झाला म्हणून बोलणी खायच्या. कारण शोधायला मिनिटरावांना आणि मला धाडलं.

पहिल्याच दिवशी कारण दिसलं. बस थांबली, माणसं उतरली आणि गिरणीच्या फाटकातून एक मावशी लगबगीनं आल्या. त्या आत पोती शिवायच्या. केसांना तागाचे तंतू चिकटलेले, हातात एक पाकीट. कंडक्टर बसच्या पायरीवर बसला, मावशी समोरच्या दगडावर टेकल्या आणि तो पत्र वाचायला लागला.

पत्र मावशींच्या धाकट्या मुलाचं होतं. तो सैन्यात होता, कुठल्याशा सरहद्दीवर. कुठल्या ते त्याला लिहिता यायचं नाही. "आमच्याकडं लिहायला फार काही नसतं आणि जे असतं ते लिहायची परवानगी नसते," असं त्यानंच एकदा लिहिलं होतं. म्हणून तो बुटांबद्दल लिहायचा. चहा मिळतो पण साखर कमी असते, शेजारच्या खाटेवरचा गडी घोरतो आणि घोरताना दाराची गंजलेली कडी ओढल्यासारखा आवाज येतो, असं काहीबाही. शेवटी दर पत्रात विचारायचा, "गुडघ्याला तेल लावतेस की नुसतं हो म्हणतेस?"

"नुसतं हो म्हणते!" कंडक्टर मान वर करून म्हणायचा.

"तू गप वाच," मावशी म्हणायच्या.

तो असा वाचायचा की मुलगाच येऊन बोलतोय असं वाटावं. बसमधले लोकही बोलणं थांबवून ऐकायचे. नवं पत्र नसलं की मावशी जुनंच आणायच्या. मावशींना वाचता येत नव्हतं. वस्तीतल्या एका शिकलेल्या बाईनं पूर्वी एक पत्र वाचून दिलं होतं. त्यात मुलानं लिहिलं होतं की पायाला फोड आले आणि तो रात्री रडला. त्या बाईनं ते वस्तीभर हसत सांगितलं. तेव्हापासून मावशींनी मनाशी गाठ बांधली होती की पत्र वाचील तर कंडक्टर, दुसऱ्या कुणाच्या हातात ते जायचं नाही.

सहा दिवस आम्ही मोजलं. सर्वांत वाईट दिवशी माझ्या तबकडीवर अकरा मिनिटं दहा सेकंद झाले.

मिनिटरावांच्या तक्त्यात एक रकाना होता : उशिराचं कारण. तिथं शब्द लिहायचे नसत, क्रमांक टाकायचा असे. एक म्हणजे गर्दी, दोन म्हणजे बिघाड, तीन म्हणजे रस्ता अडलेला, असे नऊपर्यंत. त्यात पत्र वाचण्याला क्रमांक नव्हता. असणार तरी कुठून? मिनिटरावांनी पेन्सिलीचं टोक नऊही क्रमांकांवरून फिरवलं. अगदी कडेला 'शेरा' नावाचा एक रिकामा रकाना होता, पण शेरा लिहिणं म्हणजे हात मोकळा सोडणं असं ते मानत. उभ्या नोकरीत त्यांनी शेरा लिहिला नव्हता. शेवटी सर्वांत जवळचा क्रमांक त्यांनी सहाही ओळींत टाकला. सात. कर्मचाऱ्याची वैयक्तिक दिरंगाई.

माझा आकडा खरा होता, मित्रांनो. एका सेकंदाचीही चूक नव्हती. म्हणून तर कचेरीत कुणी प्रश्न विचारला नाही.

महिन्याभरात सगळं मार्गी लागलं. कंडक्टरला जाब विचारून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आगारात धाडलं. शेवटच्या थांब्याची वेळ चारवरून दोन मिनिटांवर आली. परिचारिका वेळेवर पोचू लागल्या. मिनिटरावांची पाठ थोपटली गेली आणि माझ्या तबकडीवरून कुणीतरी मऊ कापड फिरवलं.

आमच्या कामात एक पद्धत असते. बदल केला की तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन मोजायचं आणि बदल टिकला का ते बघायचं. तसे आम्ही पुन्हा त्या थांब्यावर गेलो. एकची बस आली. मिनिटरावांनी मला दाबलं. माणसं उतरली, चढली. नवा कंडक्टर दारात घंटीच्या दोरीला हात लावूनच उभा होता. फाटकातून मावशी आल्या, त्याच्याकडं बघून थबकल्या.

"मावशी, आजही तो नाही. उद्या बघू," असं म्हणून त्यानं दोरी ओढली. बस निघून गेली. बस अगदी वेळेवर होती, पण मिनिटराव मला थांबवायला विसरले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

मावशींनी त्यांच्या हातातला तक्ता बघितला. "तुम्ही कचेरीतले ना? तो वाचणारा कुठं गेला हो? मी रोज येते. कुणी धड सांगत नाही."

मिनिटरावांना खोटं बोलता येत नव्हतं. "त्याची बदली झाली," ते म्हणाले. "माझ्या कागदामुळं. मी कारण क्रमांक सात लिहिलं."

"सात म्हणजे काय?"

"म्हणजे कंडक्टरनं स्वतःच्या कामासाठी वेळ घालवला."

"स्वतःच्या?" मावशी म्हणाल्या. "पत्र तर माझं होतं."

मिनिटरावांनी तक्ता बगलेत खोचला. त्यांनी विचारलं, "मी वाचू का?" मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पिशवीतून पाकीट काढून दिलं. ते येऊन पंधरा दिवस झाले होते. रोज थांब्यापर्यंत आणून परत नेल्यानं त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या.

मिनिटरावांनी चष्मा लावला. त्यांचं वाचन म्हणजे तक्ता वाचल्यासारखं सपाट, पण शब्द स्पष्ट.

"आई, मी बरा आहे. आमची तुकडी दुसरीकडं चालली आहे. कुठं ते लिहिता येत नाही. पण गाडी आपल्या स्टेशनातून जाणार आहे. चौदा तारखेला, मंगळवारी, सकाळी साडेअकराला. चाळीस मिनिटं थांबेल म्हणतात. आम्हाला फलाटाबाहेर सोडणार नाहीत, म्हणून तू ये. सकाळची एकतीस नंबर पकडलीस तर वेळेत पोचशील. काही करून आणू नकोस. नुसती ये. तुला बघून दीड वर्ष झालं."

पुढं गुडघ्याच्या तेलाचं होतं, पण मिनिटरावांनी पत्र तिथंच खाली घेतलं.

"आज किती तारीख?" मावशींनी विचारलं.

"अठरा."

"चाळीस मिनिटं म्हणाला?"

"हो."

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी पत्र हातात घेतलं आणि त्याची घडी होती तशीच पुन्हा घातली. गिरणीचा भोंगा झाला, सुटी संपली, तरी त्या उठल्या नाहीत. मी मिनिटरावांच्या छातीवर चालत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. एका फेरीमागं आम्ही नऊ मिनिटं वाचवली होती. या बाईची चाळीस गेली होती आणि ती कुठल्याच तक्त्यात लिहिली जाणार नव्हती.

"कागद आहे का?" मावशी म्हणाल्या. "उत्तर लिहा. म्हणावं, मी आले होते. फलाटावर फार गर्दी होती. सगळे एकाच कपड्यातले, तू काही दिसला नाहीस."

"मावशी, पण..."

"लिहा हो. पोरगं बंदूक घेऊन उभं असतं तिथं. त्याच्या मनात हे कशाला?"

ज्या माणसानं कधी एक सेकंद इकडचा तिकडं लिहिला नव्हता, त्यानं पाहणीच्या तक्त्याच्या पाठीवर ते पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. मग दुसरा तक्ता काढला आणि त्यावर 'शेरा' या रकान्यात आधीच्या सहा दिवसांची खरी हकीकत लिहिली. रकाना पुरला नाही, म्हणून समासात लिहिली. कचेरीत तो कागद कुणी वाचला की नाही, मला माहीत नाही. कंडक्टर काही परत आला नाही. बसची वेळही दोन मिनिटंच राहिली आणि परिचारिकांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण मिनिटराव मात्र दर गुरुवारी, आपल्या सुटीच्या दिवशी, एकच्या बसनं तिथं जाऊ लागले. बस आपल्या वेळेवर परत जायची आणि ते दगडावर बसून सपाट आवाजात वाचायचे. "तुम्हाला वाचता येत नाही हो नीट," असं मावशी म्हणायच्या आणि पुन्हा वाचायला लावायच्या.

पाचव्या गुरुवारी मुलाचं उत्तर आलं होतं. मिनिटरावांनी पाकीट फोडलं. गळ्यात मी होतोच, सवयीनं अडकवलेला.

"आई," त्यानं लिहिलं होतं, "तू आलीस ते मला ठाऊक आहे. मी तुला बघितलं. तू लांब खांबापाशी उभी होतीस. हाक मारली, पण गलका फार होता. गाडी सुटताना मी दारातून हात केला होता. दिसला का?"

पोरगं आईचं मन राखायला खोटं लिहीत होतं, की खांबापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या आईला त्यानं हात केला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मावशींनी रिकाम्या रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "लिहा. म्हणावं, दिसला."

पुढं मिनिटराव नोकरीतून निवृत्त झाले आणि मला कचेरीत परत करून गेले. आता मी एका खणात आहे. सोबतीला वाळलेली पेनं आणि तुटका शिक्का. बसमध्येच आता यंत्रं बसवली आहेत, ती आपली आपण मोजतात. माझी काही तक्रार नाही. मला पुसू नका, चावीही देऊ नका.

एवढंच सांगतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी माझ्यासारखंच मोजायचं काम करील. जरूर करा, ते चांगलं काम आहे. पण समोर दिसणारी गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नसेल, तर सर्वांत जवळचा आकडा टाकून मोकळं होऊ नका. कागदाच्या पाठीवर लिहा. आणि तुमच्या ओळखीत कुणाकडं न वाचलेलं पत्र पडलं असेल, तर उद्यावर ढकलू नका. आजच जा, आणि वाचता येईल तसं वाचून द्या.