टेकचंदचा पायगुण

पायगुण पाहायचा तो नव्या सुनेचा. सून उंबरठा ओलांडून आली आणि आठवड्यात गाय व्याली तर पायगुण चांगला, गाय मेली तर वाईट. गाईला कोणी विचारत नाही. आंधळगावात मात्र चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाप्याचा पायगुण पाहिला जाई, आणि तो साऱ्या आशिया खंडात वाईट आहे यावर गावाचं एकमत होतं. आंधळगावात दोन माणसांचं बैलाच्या रंगावर एकमत होत नाही, यावरून काय ते समजा.

हा बाप्या म्हणजे शेवंताबाईचा धाकटा, टेकचंद. नागपूरच्या एका इंग्रजी पेपरात तो छपाईच्या चुका शोधायचा. एकाहत्तर साली कलकत्त्याला गेला आणि लंडनच्या टेलिव्हिजनवाल्या गोऱ्या बातमीदाराची पेटी वाहायला लागला. गोऱ्याला हगवण लागली. कॅमेऱ्यापुढं कोणीतरी उभं राहणं भाग होतं, टेकचंद राहिला, तो पुढं दहा वर्षं उभाच होता. ढाका, काबूल, सायगाव, तेहरान. मागं धूर, पुढं कॅमेरा, मधे टेकचंद. विलायतेत त्याला लोक ओळखत म्हणे. आंधळगावात टेलिव्हिजनच नव्हता, त्यामुळं इथं तो फक्त थोरल्या सुखरामचा भाऊ होता.

शेवंताबाईनं एकदा त्याला स्पष्टच विचारलं होतं.

"तू करतेस काय रे तिकडे?"

"जिथं आग लागते तिथं जातो, माय. अन उभा राहून सांगतो का आग लागली."

"पाणी नाई टाकत?"

"नाई. सांगतो."

"अन पगार भेटते?"

"भेटते."

 पोराला पगार मिळत असेल तर आईनं फार खोलात शिरू नये.

घोटाळा तारेनं केला. आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून टेकचंद कुठंही उतरला की आधी तार करी: सुखरूप पोचलो. तार दुसऱ्या दिवशी मोहाडीच्या तार ऑफिसातून यायची. पोस्टमन सेवकराम ती आधी चौकात वाचायचा आणि मग शेवंताबाईकडे आणायचा, कारण बातमी शिळी होऊ नये. नागपूरचा पेपर मात्र संध्याकाळच्या एसटीनं, तोही आदल्या दिवशीचा. ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, पण त्याचे सेल सरपंचाच्या बॅटरीत असत. म्हणजे गावाला कळायचं ते असं: सोमवारी टेकचंद काबूलला पोचला, बुधवारी काबूलचं राज्य उलटलं. टेकचंद सायगावला पोचला; सायगाव पडलं. चार-चार वेळा हेच पाहिल्यावर शहाण्या माणसानं काय समजायचं?

आणि एक्याऐंशीच्या डिसेंबरात सेवकरामनं चौकात तार फोडली: सुखरूप आहे, शुक्रवारी आंधळगावला येतो, लग्नापर्यंत राहतो.

 पानठेल्यावरून एक जण उठला आणि तडक घरी गेला. संध्याकाळपर्यंत गावातलं रॉकेल संपलं. ज्यांचे कापलेल्या धानाचे पुंजणे दरवर्षी संक्रांतीपर्यंत खळ्यात तसेच पडून असत, त्यांनी तीन दिवसांत मळणी उरकून धान घरात घातलं. कृषी सहाय्यकानं हे आपल्या भाषणाचं फळ समजून वर कळवलं.

लग्न सुखरामच्या पोरीचं, कौशल्याचं होतं. नवरदेव करडीचा. दहा वर्षांत टेकचंद घरातल्या एकाही कार्याला आला नव्हता. बाप गेला तेव्हा तो सायगावात कुठल्याशा गच्चीवर उभा राहून सांगत होता. शेवंताबाईनं तेव्हाच ठरवलं होतं, की आपले डोळे मिटायच्या आत एक तरी कार्य असं व्हावं की मांडवात दोन्ही लेक दिसावेत. तिला दुसरं काहीच नको होतं.

टेकचंद आला. शुक्रवारी सुटकेस ठेवली, शनिवारी त्याचं सगळं बघून झालं. रविवारपासून घरात माणूस नव्हे, पिंजऱ्यातलं जनावर होतं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून विहिरीवर, विहिरीवरून पुन्हा ओसरीवर. बसला तरी त्याचा उजवा पाय हलत राही. त्यानं पाट हले, पाटावरची ताटली हले, वरण डुचमळे. दर तासाला छोटा रेडिओ कानाला लावी. रस्त्यात कोणी भेटला की सवयीनं विचारी, "काय म्हणते परिस्थिती?" असं त्यानं विचारलं की भेटलेला माणूस लगबगीनं घरी जाई आणि पोरं मोजी.

"टेक्या, बस ना गा एका जागी," शेवंताबाई म्हणे.

"बसलोच तं हाओ, माय."

"बसला नाईस. थांबून राह्यलास."

तिसऱ्या दिवशी करडीहून इवाई, म्हणजे नवरदेवाचे वडील, आले. धनीराम त्यांचं नाव. चहा घेतला, सुपारी कातरली, यंदाच्या धानाविषयी बोलले, आणि मग अडकित्त्याकडे बघत म्हणाले, "पाहुणे कधी जाऊन राहिले?"

"कोन पाहुणे?" शेवंताबाई म्हणाली. "मांडवात पोरीचा काका उभा राहते."

"तसं नाई, इहीणबाई. आमचं काही म्हणनं नाई. पण आमच्याकडली माणसं म्हणतेत, लगन थोडं पुढं घ्यावं. पाहुणे गेले का दुसऱ्या दिवशी उरकून टाकू."

सुखरामचा चेहरा उतरला. लग्न पुढं ढकललं की मोडायला वेळ लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आतल्या दाराशी कौशल्या उभी होती, तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. टेकचंदनं एवढे करार मोडताना पाहिले होते, पण तोही उठून उभा राहिला. "मी जातो ना, माय. उद्याच जातो."

"खाली बस," शेवंताबाई म्हणाली आणि इवायांकडे वळली. "बरोबर आहे तुमचं, इवाई. लगन पुढं घेऊ. पन याची सुट्टी तं अजून पंधरा दिवस हाये. इथं राह्यला तं आमच्या गावाले धाक. असं करा, याले करडीले घेऊन जा. तुमच्याच घरी राहीन. खायाले काही लागत नाई त्याले."

धनीरामांचा अडकित्ता थांबला. 

"लगन ठरल्या दिवशीच होईन," ते म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द."

हळदीच्या सकाळी सेवकराम पळत आला. तार चौकात वाचून झालेली होती, हे त्याच्यामागून आलेल्या वीस-पंचवीस माणसांवरून कळतच होतं. लंडनच्या साहेबाची तार होती. दूरच्या एका देशात सैन्य राजधानीकडे निघालंय, ताबडतोब नीघ, नाहीतर दुसऱ्याला पाठवतो. देशाचं नाव इथं सांगत नाही. तिथले लोक सुखात आहेत, त्यांना कशाला काळजी.

गाव हरखून गेलं. सरपंचानं आपली जीप देऊ केली. ही जीप त्यानं बाळंतिणीलाही कधी दिली नव्हती.

टेकचंदनं तार तीनदा वाचली. त्याच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं, दहा दिवसांत आलं नव्हतं तेवढं. शेवंताबाईनं ते पाहिलं आणि ती हळदीचं वाटण वाटत राहिली. जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. वरवंटा मात्र जरा जास्तच जोरात फिरत होता.

तिच्याकडे दोनदा बघून टेकचंद सेवकरामला म्हणाला, "उत्तर लिही. येऊ शकत नाई. घरी लगन हाये."

"एवढंच?" सेवकराम म्हणाला. "अहो, शब्दाले पैसे लागतेत, पन अजून दोन शब्द तं टाका."

"एवढंच."

लग्न झालं. मांडवात शेवंताबाईचे दोन्ही लेक होते. पाऊस आला नाही, मांडव पेटला नाही, नवरदेवाचा घोडासुद्धा उधळला नाही. करडीची माणसं शेवटच्या पंगतीपर्यंत चपला जवळ ठेवून बसली होती. मंगलाष्टकं सुरू असताना शेवंताबाईनं बाजूला पाहिलं. टेकचंद हसत होता, अक्षता टाकत होता, आणि त्याचे डोळे मांडवाच्या तोंडाकडे, रस्त्याकडे लागले होते. तिनं त्याच्या मनगटाला धरलं. तिला वाटलं, आपण एसटीचा दांडा धरलाय, गाडी सुरू आहे.

आठवड्यानं त्या बातमीचा पेपर आला. सेवकरामनं तो चौकात वाचला. त्या दूरच्या देशात सैन्य अर्ध्या वाटेवरून परत फिरलं होतं. सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष सोबत जेवले. पाठोपाठ लंडनची तार: दुसरा माणूस चार दिवस हॉटेलात बसून कबुतरांचं चित्रीकरण करून आला, तुझा अंदाज अचूक, पगार वाढवतो, आता कुठं जाणार ते कळव. म्हणजे लंडनलाही आंधळगावची पद्धत पटली.

गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. टेकचंद गेला नाही, म्हणून एक देश वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकचंद सुटकेस घेऊन एसटीवर गेला, तर अर्धं गाव त्याच्या आधी तिथं होतं. सरपंचानं सुटकेस धरली.

"टेकचंदभाऊ, जाता नाई येनार. तिकडे लेकरंबाळं हायेत लोकाइची."

"सोडा, सरपंच. गाडी जाईन."

"एक खोली बांधून देतो तुमाले. ग्रामपंचायतीतून. रेडिओ देतो, सेलासकट!"

कंडक्टरनं पायरीवर आडवा हात धरला होता. तो परगावचा, लाखांदूरचा होता, पण माणुसकी त्यालाही होती. टेकचंद एकदा गाडीकडे, एकदा गर्दीकडे बघत होता. घर सोडल्यापासून कोणी त्याला राहा म्हणालं नव्हतं, आणि आता तीनशे माणसं म्हणत होती.

गर्दीतून शेवंताबाई आली. तिनं सरपंचाच्या हातून सुटकेस घेतली.

"जाऊ द्या त्याले."

"मावशी, तिकडे लोक मरतीन ना वो!"

"तो नाई गेला तरी मरतीन," शेवंताबाई म्हणाली. "मंग कोनी सांगनार नाई, एवढंच."

मग टेकचंदकडे वळून, हळू आवाजात: "लगन झालं माह्यं. जाय. वरण सांडून राह्यलं घरी."

टेकचंद वाकला, तिच्या पायांना हात लावला, आणि वर बघितलं तेव्हा त्याला बोलता येईना. दहा वर्षं ज्या कामाचा तो पगार घेत होता, तेच नेमकं त्याला जमेना. कंडक्टरनं हात काढला. टेकचंद मागच्या बाकावर बसला, तशा तिथल्या दोन बाया उठून पुढं गेल्या. गाडी सुटली.

"मावशी," सेवकराम म्हणाला, "कोन्या देशात चालला काही बोलला का?"

"मी इचारलं नाई," शेवंताबाई म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

आता काळजी नेमकी कोणत्या देशाची करायची, हे कळायला मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी पानठेल्यावर कोणाचंच पान रंगलं नाही.