लंगडी पालखी

“आज कुणी लंगडायचं नाही!” गावप्रमुख तोआन बांधावरून ओरडला. “अंमलदारसाहेब आलेत. पालखीत राजाचा कागद आहे. सरळ चाला, माणसांसारखं!”

आम्ही आठ भोई पालखीला खांदे देऊन उभे होतो. पुढं पुजारी खोआनआजोबा, हातात खेकड्यांची जुनी टोपली घेऊन. आमचा गावदेव जिवंतपणी लंगडा खेकडेवाला होता. पुरात बांधाला खिंडार पडलं तेव्हा तो त्यात जाऊन बसला, म्हणून गाव वाचलं. दरवर्षी बांधापासून देवळापर्यंत सगळं गाव त्याच्यासारखं लंगडत जातं. पण खेकडेवाल्याला दरबार कशाला मान देईल? तोआननं अर्जात देवाला सेनापती करून टाकलं, घोड्यासकट! राजधानी ह्युएहून देवाला मान देणारा राजाचा पिवळा कागद आला, तोही सेनापतीच्याच नावानं.

“टोपली टाका, आजोबा,” तोआन दबक्या आवाजात म्हणाला. “नाहीतर देवळाची किल्ली आजच काढून घेईन.”

“आणि देऊळ कोण झाडेल? तुझा सेनापती?”

“म्हातारपणी जाल कुठं? घर ना दार.”

“आपला देव कुठं गेला होता रे? पाण्यातच ना?”

नगारा वाजला. आजोबांनी टोपली काखेत मारली, डावा पाय ओढला आणि निघाले. तोआनचं तोंड पाहण्यासारखं झालं! अंमलदाराच्या छड्या मी एकदा खाल्ल्यात. पण खरं सांगतो, सरळ पाऊल टाकायची मला लाज वाटली. मीही डावा पाय ओढला. मागच्यानं मला शिवी हासडली आणि त्यानंही ओढला. राजाच्या कागदासकट पालखी डावीकडे कलली, सावरली, परत कलली. मागं बायका, म्हातारे, सगळं गाव लंगडत.

“हा काय प्रकार आहे?” अंमलदारानं विचारलं.

“रस्ता खराब आहे, साहेब,” तोआन घाम पुसत म्हणाला.

देवळात पोचल्यावर आजोबांनी राजाचा कागद देवापुढं ठेवला. शेजारी टोपली ठेवली. तोआननं हात पुढं केला तेव्हा आजोबांनी कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. तीस वर्षांची किल्ली. मला तर रडूच फुटलं. टोपलीला हात लावायची मात्र तोआनची छाती झाली नाही.

देवळाच्या पायरीशी आमचं लंगडणं संपतं. आजोबा पायऱ्या उतरले आणि बांधाकडे निघाले, रिकाम्या हातांनी, अगदी ताठ चालत.