ज्वाळेचं लाल लेबल

तपासनीस बाईंनी बाटलीतलं पॉलिश पितळी वाटीत आतल्या खुणेपर्यंत ओतलं, झाकण बसवलं आणि खालचा हीटर सुरू केला. तोफकाका लगेच दोन पावलं मागे सरकले. बायकोलाही त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं.

"खिडक्या उघडा," ते म्हणाले. "आणि बाहेर कोणी नाजूक हृदयाचा माणूस असेल तर त्याला आधी घरी धाडा."

"काका, अर्धा पेलासुद्धा नाहीये हे."

"अर्धा पेला! पोरी, याच्या एका थेंबाने एकदा..."

"अहो," काकू म्हणाल्या.

काकूंच्या 'अहो'चे बरेच प्रकार होते. हा आवरतं घ्या असं सांगणारा होता. एरवी काका त्यावर हसून गोष्टीला आणखी एक मजला चढवत. आज मात्र ते वाटीकडे वळले. वाटीच्या झाकणावर बाईंनी मोहरीच्या दाण्याएवढी ज्योत पेटवली होती, आणि जे ठरायचं होतं ते आता त्या दाण्यावर ठरायचं होतं.

तोफ हे नाव त्यांना गल्लीने ठेवलेलं. त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. लाकडी सामानाला लावायचं पॉलिश ते घरीच बनवत, आणि त्या पॉलिशच्या गोष्टीही घरीच बनत. त्यांनी चमकवलेल्या कपाटात बघून म्हणे एका न्हाव्याने वर्षभर गिऱ्हाइकांच्या दाढ्या केल्या. त्यांच्या टेबलावर बसलेली माशी घसरून पाय मोडून घेई. गल्ली ऐकून घ्यायची, त्यातलं निम्मं वजा करायची आणि उरलेल्या निम्म्यावर हसायची. काकांना ते कळत नव्हतं असं नाही. पण एक गोष्ट ते न हसता सांगत. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की खरं पॉलिश काडी दाखवताच पेटतं. जे पेटत नाही ते नुसतं पाणी.

आता समुद्रापलीकडच्या एका वाद्यांच्या कारखान्याने पॉलिश मागवलं होतं. पहिल्यांदाच माल जहाजाने जाणार होता. कुठून तरी काकांना कळलं की पेट घेणाऱ्या मालाच्या खोक्यावर ज्वाळेचं चित्र असलेलं लाल लेबल लावतात, आणि ते सरकारी नियमाने, तपासून लावतात. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्या लेबलातलं निम्मं कोण वजा करणार होतं?

सकाळी माल पाठवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर त्यांच्या पुढे एक मुलगी उभी होती. बहिणीला पाठवायच्या डब्यातली नखांच्या रंगाची बाटली ती कारकुनाला काही केल्या दाखवत नव्हती.

"ताई, नखांचा रंग, अत्तर, केसांचा फवारा, सगळं पेटतं," कारकून सांगत होता. "लपवू नका. तपासणी बाईंची आहे, त्यांना खोक्यातला वास खोक्याबाहेर येतो."

मग काकांची पाळी आली आणि ते म्हणाले, "मला लाल लेबल पाहिजे. मोठ्यातलं मोठं."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "काका, इतकी वर्षं इथे बसलोय. लेबल नको म्हणून रडणारे रोज बघतो. पाहिजे म्हणून भांडणारे तुम्ही पहिले."

"मग पहिल्याचा मान ठेवा."

पण नुसत्या सांगण्यावर लेबल लागत नाही. त्यासाठी मागच्या खोलीत ही वाटी होती.

"साठ अंशांच्या आत वाफेने ज्योत पकडली तर लाल लेबल," बाईंनी समजावलं. त्या वयाने काकांच्या मुलीएवढ्या होत्या. बोलताना त्यांची नजर थर्मामीटरवरून हलत नव्हती. "नाही पकडली तर साधा माल."

"पकडेल. वाटी जपा तुमची."

"यात घालता काय काय?"

"मेण आणि टर्पेंटाइन. बाकीचं मी मेल्यावर विचारा."

"मेल्यावर तुम्ही सांगणार कसे?"

"मी मेल्यावर बोलायचा थांबेन असं वाटतं तुम्हाला?"

बाईंना हसू आलं. काकू हसल्या नाहीत. खुर्चीवर बसून मांडीवरच्या पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"अहो, राहू दे ना आता," त्या म्हणाल्या. "पाठवू आपण तसंच. कशाला पाहिजे ते लेबल?"

"कशाला पाहिजे? जन्मभर लोकांनी माझं बोलणं पाणी घालून घेतलं. एकदा तरी कोणी शिक्का मारून सांगू दे की हा माणूस खरं बोलत होता."

काकूंनी बंद सोडला.

बाईंनी झाकणाची चकती फिरवली. टक् असा आवाज झाला, ज्योत वाटीच्या तोंडाशी वाकली आणि परत वर आली. काही झालं नाही. पारा अजून तिशीतच होता.

"टर्पेंटाइनचं पॉलिश पिवळसर असतं," बाई पॉलिशची बाटली उजेडात धरून म्हणाल्या. "हे सायीसारखं आहे."

"हात बसला! पूर्वी माझंही पिवळंच व्हायचं. घरात आग लागली ना, त्यानंतर एकदम पांढरं व्हायला लागलं. कारखानेवाल्यांनी काय कळवलंय माहितीये? इतकं बिनवासाचं पॉलिश आम्ही आजवर पाहिलं नाही! आता वासाचं मला विचारू नका, एका तापात माझं नाक गेलं. शेजारणीची आमटी जळाली तरी मी तिला सुगंध सुटलाय म्हणतो."

"आग कशाने लागली?"

"कशाने म्हणजे? पॉलिशने! स्टोव्हवर मेण वितळत होतं, शेजारी टर्पेंटाइनचा डबा. डब्याचं झाकण उघडं राहिलं असेल नसेल, आणि भडका! ज्वाळा तिसऱ्या मजल्यावर. मी एका हाताने पडदा ओढला, दुसऱ्या हाताने गोधडी भिजवली, तिसऱ्या..."

"तिसरा कुठून आणलात?" बाईंनी विचारलं.

"अशा वेळी येतो."

काकूंनी उजव्या बाहीचं टोक मनगटापर्यंत ओढून घेतलं. तेवढ्यात बाईंना दिसायचं ते दिसलं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी ताणलेली आणि तुकतुकीत होती. काकांचे दोन्ही हात मेणाने डागळलेले होते, पण भाजल्याची खूण त्यांच्यावर कुठेच नव्हती.

टक्. चाळीस. टक्. काका एक पाऊल पुढे आले. पन्नास झाले तेव्हा ते टेबलाशी येऊन उभे होते. साठ झाले तेव्हा त्यांचं नाक जवळजवळ वाटीत होतं, आणि ते जळेल ही भीती कोणालाच उरली नव्हती.

"यंत्र बिघडलंय."

"सकाळीच तपासलंय काका."

"मग आणखी तापवा. थंड प्रकृतीचं असतं एखादं पॉलिश."

बाईंना नियमाने इथे थांबता आलं असतं. त्यांनी हीटर चालू ठेवला. सत्तर गेले, ऐंशी गेले. नव्वदीच्या पुढे चकती उघडली तशी वाटीतून पांढरी वाफ भसकन वर आली आणि झाकणावरची ज्योत विझली. बाईंनी ती पुन्हा पेटवली. ती पुन्हा विझली.

खोलीत हीटरचा बारीक आवाज तेवढा राहिला. बाईंनी तोही बंद केला.

"यात टर्पेंटाइन नाही, काका," त्या हळूच म्हणाल्या. "ही पाण्याची वाफ आहे. मेण आणि पाणी, बहुतेक सोड्याने एकजीव केलेलं. टर्पेंटाइन आणतं कोण?"

"ही आणते. बाजारहाट सगळा हीच करते. डबा भरून ठेवते, मी नुसता..."

वाक्य तिथेच राहिलं. काका वळले. काकू पिशवीकडे बघत होत्या.

एवढा वेळ उभे असलेले काका स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले, मग ते तिथे कसे आले असं वाटल्यासारखे त्यांच्याकडे बघत राहिले.

"तुमचं नाक गेलं होतं," काकू म्हणाल्या. "झाकण उघडं राहिलं तरी तुम्हाला कळत नव्हतं. एकदा झालं ते पुरे होतं."

"मला सांगायचंस."

"ऐकलं असतंत?"

काका अंगठ्यावरचा मेणाचा डाग खरवडू लागले.

"लगेच जमलं नाही," काकू पुढे म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. "डब्यातल्या पाण्यात सोडा जास्त पडला की फाटायचं. कमी पडला की मेण वर तरंगायचं. तुम्ही कोपऱ्यावर गप्पा मारायला गेलात की करून बघायचे. तुमच्या गप्पा लांबतात म्हणून बरं झालं."

बाईंनी बाटलीतला एक थेंब बोटावर घेऊन टेबलाच्या कडेला चोळला आणि फडक्याने पुसला. तेवढीच कड खिडकीतला उजेड धरून बसली.

"काका, लाल लेबल मला लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. "उगाच लावलं तरी तो गुन्हाच. जहाजावर काही झालं तर माणसं आधी या लेबलांकडे धावतात. खोट्या आगीपाशी गेली तर खरीकडे पोचायला उशीर होतो." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "पाहिजे तर हा माल परत न्या. टर्पेंटाइन घालून नवीन बनवून आणा. ते नक्की पेटेल, आणि मी स्वतः लेबल लावीन. तुम्ही म्हणाल तसं."

काकूंनी मान वर केली. बाईंकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं.

काका टेबलाच्या त्या चकचकीत कडेवरून अंगठा फिरवत होते. एकदा फिरवला, परत फिरवला. मग अंगठा नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि खाली घेतला.

"बिनवासाचं मागवलंय त्यांनी," ते म्हणाले. "जाऊ दे. साधंच जाऊ दे."

बाईंनी खोक्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवली. लाल लेबलासाठी काकांनी घरूनच आखून आणलेला मोठा चौकोन तिच्या बाजूला रिकामा राहिला.

बाहेर काउंटरसमोर आता रांग लागली होती. नखांच्या रंगवाली मुलगी अजून बाकावर बसून आपला डबा नव्याने बांधत होती. कारकुनाने काकांना लांबूनच बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय काका, पेटलं का?"

रांगेतली डोकी वळली. काकूंची चाल मंदावली. या प्रश्नाचं उत्तर काका कसं देतील ते त्यांना पाठ होतं. छत उडालं, बाई बेशुद्ध पडल्या, लाल लेबल कमी पडलं म्हणून दुसरीकडून मागवलंय.

काका थांबले. खोकं त्यांनी काउंटरवर ठेवलं, शर्टाचं टोक ओढून नीट केलं.

"पेटलं?" ते म्हणाले. "अरे, पेटलेली ज्योत विझवली त्याने. दोनदा! जा, बाईंना विचार. कोणी बनवलंय ते माहितीये? हिने." आणि त्यांनी काकूंना खांद्याला धरून रांगेसमोर असं उभं केलं की त्यांना तोंड कुठे लपवावं कळेना. "तू हिला ओळखत नाहीस. एकदा आमच्या घरात आग लागली. आग म्हणजे कशी? ज्वाळा तिसऱ्या मजल्यावर! गच्चीवरच्या कबुतरांचे पंख भाजले, अजून ती चालत फिरतात. आणि ही बाई एक ओली गोधडी घेऊन सरळ आत..."

"अहो!" काकू म्हणाल्या. "काहीतरीच काय! एवढी नव्हती आग. पडदा तेवढा जळला."

"तुला काय माहीत किती होती?" काका म्हणाले. "तू विझवत होतीस. बघत तर मी उभा होतो."